पान उघडायला वेळ का लागतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सगळे फोटो कॉम्प्रेस करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले, सरसकट लेझी लोडिंगही (फोटो स्क्रीनजवळ आला की मगच मागवणं) लावलं. तरी वरचा मोठा फोटो सगळ्यात शेवटी का दिसतो?

‘सरसकट’ लावलंत, तिथेच घोळ झाला. लेझी लोडिंग असलं की फोटो स्क्रीनवर येणार आहे की नाही, हे पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझरला कळत नाही. तोवर तो फोटो मागवतच नाही. पहिल्या स्क्रीनवरच्या फोटोंचं लेझी लोडिंग काढा आणि त्यातल्या मुख्य फोटोला फेचप्रायॉरिटी (आधी काय मागवायचं ते ब्राउझरला सांगणारी खूण) ‘हाय’ द्या. एकालाच, सगळ्यांना दिलीत तर कुणालाच न दिल्यासारखं. तो सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) बॅकग्राउंड म्हणून येत असेल, तर साध्या इमेज टॅगमध्ये आणा. मग एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, वाचतानाच ब्राउझरच्या नजरेला पडतो.

कॉम्प्रेस करणं आणि फोटोची लांबी-रुंदी कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही बघा. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून कितीही हलका केला, तरी पूर्ण उलगडल्यावर मेमरीत सुमारे 48 एमबी खातो. 400 पिक्सेलच्या चौकटीसाठी हा खटाटोप कशाला? सोर्ससेटमध्ये, म्हणजे इमेज टॅगमधल्या आकारांच्या यादीत, दोन-तीन आकार द्या, ब्राउझर योग्य तो निवडतो. टॅगमध्ये रुंदी-उंची लिहायला विसरू नका, नाहीतर फोटो आला की खालचा मजकूर टुणकन उडी मारतो.

प्रश्न: पानाचा वेग तपासणाऱ्या लाइटहाउसचा स्कोअर सकाळी 92, संध्याकाळी 71. खरा कुठला?

दोन्ही खरे, आणि दोन्हींसाठी झोप उडवायची गरज नाही. ती एका मशीनवरची चाचणी आहे. सर्व्हरवर ताण असला, मशीन दमलं असलं की आकडा हलतो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात खऱ्या वापरकर्त्यांची मागच्या 28 दिवसांची आकडेवारी मिळते, ती धरा. 75 टक्के भेटींत एलसीपी (सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ) 2.5 सेकंदांच्या, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आणि सीएलएस (मजकूर किती उड्या मारतो त्याचं माप) 0.1 च्या आत असेल, तर स्कोअर 71 का असेना. वर्दळ कमी असेल तर ही आकडेवारी दिसत नाही. मग चाचणी पाच वेळा चालवून मधला आकडा घ्या.

प्रश्न: देवनागरी वेबफॉन्ट लावल्यापासून मजकूर क्षणभर गायब असतो.

सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ करा, म्हणजे वेबफॉन्ट येईतोवर फोनमधला फॉन्ट दिसेल. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड असतोच, त्यात लाइट, मीडियम, बोल्ड अशी सगळी वजनं कशाला? रेग्युलर आणि बोल्ड पुरे, तेही वॉफ2 या कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटमध्ये. सबसेट करत असाल, म्हणजे फॉन्टमधली नको ती अक्षरं काढत असाल, तर जोडाक्षरांचे नियम गळत नाहीत ना, ते तपासा. गळले तर ‘त्र्य’चे तुकडे होऊन पाय मोडलेली अक्षरं दिसतात.

प्रश्न: सीडीएन (फाइलींच्या प्रती वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) घेतलं, फरक शून्य!

बहुतेक सीडीएन मुळात फोटो, सीएसएस, स्क्रिप्ट एवढंच साठवतात. एचटीएमएल तुमच्याच सर्व्हरवरून येतं. टीटीएफबी, म्हणजे सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागणारा वेळ, बघा. तो 800 मिलिसेकंदांच्या वर असेल तर आधी डेटाबेसच्या क्वेरी तपासा आणि पानं सर्व्हरवरच कॅश करा, म्हणजे तयार करून साठवून ठेवा. लॉगिन केलेल्यांची पानं मात्र त्यातून वगळा, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसेल.