वार्षिक परिषद अंगावर घेताना: नव्या सचिवाला पत्र

प्रिय डॉक्टर,

आपल्या सिम्युलेशन सोसायटीची, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर किंवा नटावर सराव करून शिकवणाऱ्यांची, पुढची वार्षिक परिषद नवी मुंबईत आणि सचिवपद तुझ्या गळ्यात, हे कळलं. तुझा कच्चा आराखडा वाचला. वक्त्यांची यादी दीड पान आणि वर्कशॉप दोन ओळींत. हे उलटं कर. वक्ता ऐन वेळी गळला तर दुसरा मिळतो. वर्कशॉपच्या खोल्या, यंत्रं आणि ती चालवणारी माणसं सहा महिने आधी धरावी लागतात. सिम्युलेशन शिकवणारे लोक भाषणं ऐकायला दोन दिवस रजा टाकत नाहीत.

आधी वेळेचं गणित मांड. एका स्टेशनवर, म्हणजे सरावाच्या एका ठिकाणी, ६ जण, एक फेरी ४५ मिनिटांची: ५ मिनिटं पूर्वसूचना, १० मिनिटं सिनॅरिओ (रचलेला प्रसंग), २५ मिनिटं डीब्रीफिंग (त्यावरची चर्चा), ५ मिनिटं आवराआवर. चार स्टेशनं, गट आळीपाळीने फिरवले, म्हणजे २४ जण आणि तीन तास. अध्यक्ष म्हणतील, ‘चाळीस घेऊन टाक, पैसे येतील.’ घेऊ नकोस. प्रत्येक स्टेशनला एक फॅकल्टी लागतो, आणि मोठं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) असेल तिथे संगणकावर बसणारा तंत्रज्ञ वेगळा. फॅकल्टीनेच माऊस धरला तर त्याचं लक्ष गटाकडे राहत नाही.

उशीर झाला की कात्री कशाला लागते, तर डीब्रीफिंगला. सिनॅरिओ मध्येच तोडता येत नाही, केटरर जेवण थांबवत नाही, मग पंचवीस मिनिटांची आठ होतात. आठ मिनिटांत ‘तुझं काय चुकलं’ एवढंच सांगून होतं. त्या क्षणी तसं का वाटलं, हे विचारायला वेळ उरत नाही. आणि शिकणं त्या प्रश्नात आहे. म्हणून वर्कशॉप आदल्या दिवशी ठेव, उद्घाटनाच्या सकाळी नको. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ यांत पाऊण तास जातोच, तो आपण कितीही दटावलं तरी.

जागा दोन घे. व्याख्यानांना वाशी स्टेशनजवळचं सिडकोचं केंद्र किंवा एखादा बरा हॉल चालेल. वर्कशॉप मात्र नेरूळ-कामोठे पट्ट्यातल्या एखाद्या मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये. हॉटेलं आपला बँक्वेट हॉल सरकत्या पार्टिशनने चार खोल्यांत वाटून देतात. दिसायला छान, पण एका खोलीतला मॉनिटरचा अलार्म दुसरीत ऐकू येतो आणि तिथला गट आपल्याच पेशंटचा समजून धावतो. शिवाय सगळे सॉकेट बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतात. कॉम्प्रेसर, प्रोजेक्टर आणि चहाची किटली एकदम लागली की ट्रिप. हॉटेलशिवाय पर्यायच नसेल तर तिथल्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन प्रत्येक खोलीतला १५ अँपिअरचा पॉइंट तपास, आणि मॅनिकिनसाठी आपला वेगळा राउटर ने. पाहुण्यांच्या वायफायवर तीनशे मोबाइल चढले की मॅनिकिनची नाडी संगणकावरून तुटते.

मॅनिकिनची ने-आण हा स्वतंत्र विषय आहे. मोठं मॅनिकिन ४० किलोच्या आसपास भरतं, पेटी वेगळी. लिफ्टमध्ये मावते का ते टेपने मोज. कॉलेजचं असेल तर सिरीयल नंबरसकट गेटपास, डिलिव्हरी चलान आणि वाहतुकीचा विमा लागेल. ई-वे बिल लागतं का, हे सोसायटीच्या सीएला विचार. कंपनीचं डेमो मॉडेल असेल तर ते अनेक शहरं फिरून आलेलं असतं. पत्रात मॉडेलचं नाव, तंत्रज्ञ किती वेळ थांबेल आणि सुटे भाग कोणते, हे लिहून घे: फुफ्फुसांच्या पिशव्या, मानेची त्वचा, चार्जर. ड्राय रनच्या (रंगीत तालमीच्या) दिवशी पेटी उघडल्यावर श्वासनलिकेत ट्यूब घालून दोन्ही बाजूंची छाती उचलते का पाहा. बहुतेक वेळा एक बाजू उचलत नाही, कारण आतली नळी सुटलेली असते.

हाताळणाऱ्या मुलांना तीन गोष्टी बजावून सांग. मॅनिकिन वर्तमानपत्रावर ठेवायचं नाही, शाई त्वचेत उतरली की निघत नाही. ट्यूबला कंपनीचंच वंगण लावायचं. आणि सलाइन लावायच्या सरावाच्या नकली हातातलं पाणी काढून वाळवल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरते. खरा डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) फक्त त्यासाठी जोडण्या असलेल्या मॅनिकिनवर, बाकी ठिकाणी ट्रेनिंगचाच.

श्वासाची वाट उघडायला गळ्याला छेद देण्याच्या सरावाला काही जण शेळीची श्वासनलिका मागतात. प्लास्टिकपेक्षा ती सरस, वाद नाही. मटणवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, बर्फात आणावी लागते आणि नंतर जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत जावी लागते. हे कॉलेजात जमतं. हॉटेलात ही कल्पना बोलूनही दाखवू नकोस.

औषधांच्या बाबतीत कडक राहा. प्रत्येक कुपीवर ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ अशी चिठ्ठी, सकाळी मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या सलाइनच्या पिशव्या खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि ४० हून अधिक रुग्णांना चढवल्या गेल्या. त्या निर्जंतुक नव्हत्या. कॉलेजच्या लॅबमधून वॉर्ड दोन मजल्यांवर असतो, हे विसरू नकोस.

पेशंटचं काम करणारी माणसं ठाण्यात हवी तेवढी मिळतात. हौशी नाटकवाल्यांकडे विचार. पण संवाद पाठ असणं आणि सहाव्या फेरीलाही पोट तितकंच दुखणं यांत फरक आहे. एकाला सलग चार फेऱ्यांपेक्षा जास्त देऊ नकोस, मानधन दे, आणि मृत्यूची बातमी ऐकणाऱ्या नातेवाइकाची भूमिका केलेल्याला शेवटी दहा मिनिटं शांत बसवून भूमिकेतून बाहेर काढ. हे बहुतेक परिषदांत राहून जातं.

तारीख ठरवताना गणपती-नवरात्र, विद्यापीठाच्या परीक्षा आणि लग्नाचे मुहूर्त टाळ. मुहूर्ताला हॉलचं भाडं वाढतं आणि खाली बँड वाजतो. रविवारी मेगाब्लॉक असतो. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरवर असला तर साधारण अकरा ते चार गाड्या नाहीत, आणि ते कळतं दोन दिवस आधी. म्हणून रविवारचं पहिलं सत्र साडेनऊला धर आणि ठाणे स्टेशनवरून एक बस राखून ठेव.

वार्षिक सर्वसाधारण सभा शेवटच्या संध्याकाळी लावतात, तोवर निम्मे सभासद विमानतळाच्या वाटेवर असतात. पहिल्या दिवशी जेवणाआधी घे. नोटिशीचे दिवस आणि गणपूर्ती आपल्या नियमावलीत बघ. कार्यकारिणी बदलली तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत जायला हवा. सगळ्यांच्या सह्या तिथेच घे, नंतर मागे फिरावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे क्रेडिट पॉइंट्सचा अर्जही आधीच कर. डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० पॉइंट्स लागतात, त्यामुळे प्रमाणपत्र अडलं की फोन तुलाच येतील. हजेरी सत्रागणिक घे.

जेवणाचं मी काही सांगत नाही, ते बघणारे दहा जण आपणहून पुढे येतात. तू फॅकल्टी आणि तंत्रज्ञांची नावं स्टेशनवार भरून नवा आराखडा पाठव. ड्राय रनची तारीख वरच लिही, आणि त्या दिवशी सगळे फॅकल्टी मोकळे आहेत का ते विचारूनच मग परिषदेची तारीख जाहीर कर.