जॉन कारपेंटर दिग्दर्शक म्हणून मोठे की संगीतकार म्हणून?

जॉन कारपेंटर यांना भयपटांचे दिग्दर्शक म्हणून लक्षात ठेवावे की संगीतकार म्हणून, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते या दोन भूमिका वेगळ्या काढता येत नाहीत, आणि त्याचे मूळ कारण कलेपेक्षा पैशाशी निगडित आहे.

कारपेंटर यांचा जन्म १९४८ चा. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे ते वाढले. वडील संगीताचे प्राध्यापक होते आणि मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला. पुढे ‘हॅलोवीन’ (१९७८) हा चित्रपट सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, वीस दिवसांत चित्रित झाला, तेव्हा वाद्यवृंद परवडणे शक्यच नव्हते. मग दिग्दर्शकानेच पियानो आणि सिंथेसायझर घेऊन तीन दिवसांत संगीत पुरे केले आणि वडिलांनी दिलेला तोच ठेका मुख्य धूनेसाठी वापरला. श्रेयनामावलीत मात्र ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’ असे भारदस्त नाव झळकते. असा वाद्यवृंद कुठेही नव्हता!

ती धून ऐकताना हाताने मात्रा मोजून पाहा. दुप्पट लयीत मोजल्यास आपल्या झपतालाप्रमाणे दहा मात्रा भरतात, पण झपतालाची विभागणी दोन-तीन-दोन-तीन अशी असते, तर इथे ती तीन-तीन-दोन-दोन आहे. चार मात्रांना सरावलेल्या कानाला आवर्तन संपल्यासारखे वाटते तोच आणखी थोडे शिल्लक असल्याचे कळते, आणि पाऊल चुकल्यासारखी एक बारीक अस्वस्थता मनात घर करते.

संगीत चढवण्यापूर्वी हा चित्रपट एका स्टुडिओतील अधिकारी बाईंना दाखवला असता त्या जराही घाबरल्या नाहीत, असे स्वतः कारपेंटर यांनी सांगितले आहे. याचा पडताळा शेवटच्या दृश्यांत येतो. गोळ्या खाऊन अंगणात पडलेला खुनी नाहीसा होतो आणि नंतर पडद्यावर दिसतात त्या केवळ रिकाम्या खोल्या, जिना आणि अंधारात उभी घरे. चौकटीत कोणीही नाही. ऐकू येतो फक्त मुखवट्याआडचा श्वास आणि तो पियानो. मोकळी जागा दाखवून भीती निर्माण करण्याचे धाडस, ती जागा कोणत्या सुरांनी भरायची हे ठाऊक असलेला दिग्दर्शकच करू शकतो.

‘द थिंग’ (१९८२) हे उदाहरण या मताच्या विरोधात जाईल असे वाटू शकते, कारण त्याचे संगीत एन्निओ मोरिकोने यांचे आहे. तरीही बर्फावरून धावणाऱ्या कुत्र्यामागे हेलिकॉप्टर लागते, त्या आरंभीच्या प्रसंगातील हृदयाच्या ठोक्यासारखी खर्जातील धडधड ऐकली, तर ती कारपेंटर यांचीच वाटावी इतकी मोजक्या स्वरांची आहे. चित्रपट ‘ई.टी.’नंतर अवघ्या दोन आठवड्यांनी आला. प्रेमळ परग्रहवासी पाहून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांना माणसाचे रूप घेणारा हा किळसवाणा जीव रुचला नाही, समीक्षकांनी झोडपले, आणि संगीताला तर वर्षातील सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. गंमत अशी की, याच चित्रपटासाठी रचलेले पण न वापरलेले काही तुकडे पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आले आणि त्या चित्रपटाच्या संगीतासाठी मोरिकोने यांना २०१६ मध्ये ऑस्कर मिळाले. आज ‘द थिंग’ची गणना उत्कृष्ट भयपटांत होते, कारपेंटर यांना मात्र त्या अपयशाची किंमत तेव्हाच मोजावी लागली आणि हाती असलेला पुढचा चित्रपट त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

नंतरच्या काळातील ‘दे लिव्ह’ (१९८८) आवर्जून पाहावा. नव्वदच्या दशकातील बरेचसे काम मला थकलेले वाटते. २०१५ मध्ये ‘लॉस्ट थीम्स’ या ध्वनिमुद्रिकेपासून, मुलगा कोडी आणि मानसपुत्र डॅनियल डेव्हिस यांच्या साथीने, त्यांची संगीतातील दुसरी खेळी सुरू झाली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर ते रंगमंचावर वादनाचे कार्यक्रम करू लागले.

तुम्हाला स्वतः निर्णय करायचा असेल, तर दोन चित्रपट लागोपाठ पाहा. ‘द वॉर्ड’ (२०१०) त्यांनी दिग्दर्शित केला, संगीत दुसऱ्याचे. २०१८ च्या ‘हॅलोवीन’चे दिग्दर्शन डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांचे, संगीत कारपेंटर आणि त्यांच्या दोन साथीदारांचे. पहिला कोणाही कसबी दिग्दर्शकाचा असू शकला असता. दुसऱ्यात पियानो सुरू होताच चित्रपट कोणाच्या घराण्याचा आहे हे विचारावे लागत नाही.