मुलाच्या गुडघ्याजवळच्या हाडात सिस्ट आहे. छोट्या छिद्रातून केलेला उपचार पुरतो का?

ताई, तुमचा मुलगा १४ वर्षांचा, गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडात सिस्ट (हाडाच्या आत झालेली पोकळी), आणि डॉक्टर म्हणतात की मोठी चिरफाड न करता छोट्या छिद्रातून काम होईल. तुम्ही विचारलंय, हे पुरतं का, की पुढे सगळं उघडावंच लागतं? मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला १२व्या वर्षी याच जागी सिस्ट निघाली होती. तिच्या दीड वर्षाच्या उपचारात जे विचारून विचारून समजून घेतलं, ते सांगते.

छिद्र छोटं की मोठं, हा प्रश्न दुसरा. ती सिस्ट नक्की कसली आहे, हा पहिला. आम्ही हा क्रम जवळजवळ चुकलोच होतो.

मुलगी खो-खो खेळायची. पाय दुखतो म्हणायची, तर घरात सगळे म्हणायचे की वाढीचं वय आहे, दुखणारच. मी रात्री तेल लावून चोळायचे. मग एकदा मैदानात पडली, एक्स-रे काढला, आणि हाडाच्या वरच्या टोकाला फुग्यासारखी काळी पोकळी दिसली. पहिल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे ऑपरेशनची तारीख दिली: उघडायचं, खरवडायचं, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून भरायचं. बायोप्सीचं, म्हणजे आधी छोटा तुकडा काढून तपासण्याचं, नावही नाही. माझा भाऊ म्हणाला, आणखी एकाला दाखवू. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय स्क्रीनवर लावून दाखवला. पोकळीत आडव्या रेघा होत्या. बाटलीतलं रक्त स्थिर ठेवलं की पेशी खाली बसतात आणि पाणी वर राहतं, तसं. ही खूण एन्युरिझमल बोन सिस्टची, म्हणजे रक्ताने भरलेल्या कप्प्यांची. पण हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकारही एमआरआयवर असाच दिसतो. जायंट सेल ट्यूमर नावाच्या हाडाच्या गाठीतही असे कप्पे होतात आणि त्याची आवडती जागा गुडघाच. आपल्याकडे हाडाचा टीबीही मनात ठेवावा लागतो. म्हणून आधी तुकडा तपासायचा. सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवायचं, कारण कॅन्सर निघालाच तर सुईची ती वाटही काढून टाकावी लागते. रिपोर्टची वाट पाहताना मी किती रात्री जागले, ते लिहीत नाही.

रिपोर्ट एन्युरिझमल सिस्टचा आला. उपचार ठरला सुईने औषध सोडण्याचा. औषध पॉलिडोकॅनॉल, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरतात तेच. ते कप्प्यांच्या आतल्या अस्तरावर काम करतं, रक्त भरणं थांबतं आणि हळूहळू हाड धरू लागतं. मुलीला भूल दिली, सी-आर्म म्हणजे स्क्रीनवर चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली सुई घातली, आधी रंगद्रव्य सोडून ते शिरेत वाहून जात नाही ना हे पाहिलं, मगच औषध. टाका एकही नाही. पण एकदा देऊन भागलं नाही. काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा द्यावं लागलं. पहिल्या वेळेनंतर एक्स-रेत काहीच फरक दिसला नाही तेव्हा मी रडले होते. डॉक्टर म्हणाले, हाड महिन्यांच्या हिशेबाने भरतं. खरंच, चौथ्या महिन्यात कडेला पांढरी रेघ जाड झालेली दिसली.

हा काही नवखा प्रयोग नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली या औषधाचा ७२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे २०१० मध्ये तिथेच सुईचा उपचार आणि खरवडण्याचं ऑपरेशन यांची तुलना झाली, आणि सिस्ट भरून येण्यात सुईवाले रुग्ण मागे नव्हते.

तुमच्या मुलाची सिस्ट साधी, पिवळट पाण्याने भरलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती गुडघ्याजवळ कमी, खांद्याच्या आणि खुब्याच्या बाजूला जास्त होते. तिच्यात स्टेरॉइड किंवा कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा सोडतात. २००८ साली या दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्या मुलांपैकी ४२ टक्के आणि मज्जावाल्यांपैकी २३ टक्के मुलांचीच पोकळी भरली होती. म्हणून सुई एकदा टोचली की झालं, असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा.

छोट्या छिद्रातून खरवडण्याचाही एक मार्ग आहे. हाडाला लहान खिडकी पाडतात, दुर्बीण आत घालून भिंती बघत बघत अस्तर काढतात आणि पोकळीत हाडाचा चुरा किंवा कृत्रिम दाणे भरतात. इथली अडचण मला डॉक्टरांनी खूप छान समजावली: तोंड लहान असलं की बरणीचे कोपरे पुसता येत नाहीत, आणि राहिलेल्या कोपऱ्यातूनच सिस्ट परत येते. दुर्बीण त्या कोपऱ्यांसाठीच असते. जायंट सेल ट्यूमर असेल तर मात्र मोठी खिडकी करून नीट साफ करणंच बरं. हाड मोडलं असेल, किंवा सांध्याचा पृष्ठभाग खचायला आला असेल, तेव्हाही छोट्या छिद्राचा हट्ट धरू नये.

ग्रोथ प्लेटबद्दल, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या ज्या थरातून हाड लांबीला वाढतं त्याबद्दल, नक्की विचारा. पायाच्या लांबीची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या प्लेटमधून होते. तुमचा मुलगा अजून वाढतोय. सिस्ट त्या प्लेटला चिकटून असेल तर खरवडताना तिला इजा होऊन पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. सुईचा उपचार आम्हाला पटला तो मुख्यतः याच कारणासाठी, व्रण दिसेल म्हणून नव्हे.

नंतरचे दिवस मात्र लांबतात. पोकळी भरेपर्यंत हाड कच्चं असतं. मुलीचं मैदान आठ महिने बंद होतं, सुरुवातीला कुबड्या होत्या. परत येणाऱ्या सिस्ट बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतात, म्हणून एक्स-रेची तारीख चुकवायची नाही, पाय दुखत नसला तरी.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. बायोप्सी झाली असेल तर लॅबमधून स्लाइड (तुकड्याचे काचेवरचे काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे. रिपोर्टबद्दल शंका असेल तर तिथे दाखवता येतं. आणि तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा: बायोप्सी झाली आहे का, नसेल तर कधी?