मुलांची सांधेदुखी रक्ताच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते का?

होय, असू शकते. मात्र मुलांच्या बहुतेक सांधेदुखीमागे साधीच कारणे असतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, कर्करोगाच्या पेशी दाटल्याने हाडे व सांधे दुखू लागतात आणि कधीकधी रक्ततपासणीत ठळक बदल दिसण्याआधीच हे घडत असल्यामुळे आजाराला बालसंधिवात समजले जाते. सूज थोडी पण वेदना फार, दुखण्याने मूल रात्री जागे होते, सोबत ताप किंवा फिकटपणा आहे, असे असल्यास मुळीच थांबू नये. संधिवातात प्लेटलेट बहुधा वाढतात. ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला असूनही त्या कमी किंवा जेमतेम असतील, तर ती खूण मला सर्वांत बोलकी वाटते. अशा वेळी अस्थिमज्जेची तपासणी होण्याआधी स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने ल्युकेमिया तात्पुरता दबतो आणि निदान लांबते.