बॅडमिंटनचं मनगट आणि टेनिसचा बॉल

प्रश्न : सर, मी नेरूळचा, वय ४१. पंधरा वर्षं सोसायटीत बॅडमिंटन खेळलो, आता चार महिने टेनिस चालू आहे. फोरहँड एकतर नेटमध्ये नाहीतर सरळ मागच्या जाळीवर. बॅकहँड तर मी टाळतोच, पळत जाऊन फोरहँडच मारतो. कोच सारखे ओरडतात, मनगट वापरू नको. मग मारायचं कशानं?

उत्तर : हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर येतो, बॅडमिंटनवाले सगळे त्याच सुमाराला टेनिसकडे वळतात बहुतेक. शटल साधारण पाच ग्रॅमचं असतं, त्याला मनगटाचा झटका पुरतो. टेनिसचा बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, तो जोरात येऊन आदळला की मनगटच मागे ढकलतो.

पण तुमचं खरं दुखणं ग्रिपमध्ये, म्हणजे रॅकेट धरण्याच्या पद्धतीत असणार, लिहून देतो. रॅकेटची फ्रेम उभी धरा आणि दांडा बघा, आठ पट्ट्या आहेत. बॅडमिंटनच्या सवयीने तुमच्या तर्जनीचं मूळ उजवीकडच्या वरच्या तिरक्या पट्टीवर असेल (डावखुरे असाल तर सगळं उलट वाचा). या ग्रिपने बॉल अंगाच्या पुढे गाठला की रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडतं आणि बॉल जाळीवर जातो, मग तुम्ही घाबरून मनगटाने तोंड बंद करता की तो नेटमध्ये. म्हणजे दोन्ही चुका एकाच जागेवरून येतायत. बोटाचं मूळ एक पट्टी खाली, बाजूच्या उभ्या पट्टीवर आणा, तळवा दांड्याच्या मागे आला पाहिजे, कुणाशी हात मिळवल्यासारखा. महिना दोन महिन्यांनी अजून एक पट्टी खाली गेलात तर टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणं, सोपं पडेल, पण आत्ता घाई नको.

आणि मारायचं कशानं, तर खांद्याच्या वळणाने. समोरच्याच्या रॅकेटवरून बॉल सुटला की पहिल्यांदा खांदे वळवायचे, डावा हात रॅकेटच्या गळ्याशी तसाच ठेवून, म्हणजे रॅकेट आपोआप मागे जाते. बॉल टप्पा पडायच्या आत हे झालेलं असलं पाहिजे, बहुतेक जण टप्पा पडल्यावर जागे होतात आणि मग घाईघाईत हात फिरवतात. बॉल पुढच्या पायाच्या जरा पुढे, कंबरेच्या उंचीला गाठा, रॅकेट बॉलच्या खालून येऊन वर, डाव्या खांद्याकडे गेली पाहिजे. रोज पन्नास बॉल स्वतःच हातातून सोडून मारा, अर्ध्या ताकदीने. कंटाळवाणं आहे, मान्य, पण बॉल फेकणाऱ्या मशीनवर शंभर चुकीचे मारण्यापेक्षा बरं.

बॅकहँडला एक गंमत सांगतो. दोन हातांचा बॅकहँड म्हणजे जवळपास डाव्या हाताचा फोरहँडच असतो. आठवडाभर फक्त डाव्या हाताने, रॅकेट जरा वर धरून, बॉल हळू हळू नेटपलीकडे टाकत राहा, लोक हसतील, हसू दे. मग उजवा हात खाली जोडा, आणि त्या उजव्या हाताला तुमची जुनी बॅडमिंटनची ग्रिपच चालते, तेवढा फायदा पंधरा वर्षांचा! दोन्ही शॉट आधी क्रॉसकोर्टच, म्हणजे तिरपे, नेटच्या मध्यावरून मारा, नेट मध्यभागी ३ फूट असतं आणि खांबाशी साडेतीन, शिवाय तिरपं अंतर सरळपेक्षा चार-साडेचार फूट जास्त मिळतं.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो, मुलगी आठ वर्षांची. तिला मोठीच रॅकेट घ्यावी का, म्हणजे पुन्हा घ्यायला नको? आणि तिच्या बाबांना तिचा बॅकहँड एका हाताचा हवाय, फेडररसारखा.

उत्तर : ताई, रॅकेट अंगाच्या मापाचीच घ्या, शाळेच्या युनिफॉर्मसारखी 'वाढत्या अंगाची' नको. आठ वर्षांच्या पोरीला उंचीप्रमाणे २३ किंवा २५ इंची, २७ इंची मोठ्यांची. बॉलही लाल नाहीतर नारिंगी, म्हणजे दाब कमी असलेला. साधा पिवळा बॉल तिच्या डोक्याएवढा उसळतो, मग मुलं तो मारायला ग्रिप वेडीवाकडी फिरवतात आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बॉल चालत नाही, तो उगाच नाही.

बाबांना सांगा, २०२४ च्या फेब्रुवारीत पुरुषांच्या पहिल्या दहात एका हाताचा बॅकहँड मारणारा एकही नव्हता, १९७३ ला रँकिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. नंतर एका हाताने मारणारा इटलीचा मुसेट्टी पहिल्या दहात आला, शॉट मेलेला नाही. पण आठव्या वर्षी खांद्यात तेवढी ताकद नसते. आत्ता दोन हात, बारा-तेराव्या वर्षी तिला स्वतःला वाटलं तर बघू.

प्रश्न : खारघर, वय १९, कॉलेजकडून खेळतो. फोरहँड चांगला आहे पण समोरचे माझ्या एका हाताच्या बॅकहँडवर उंच बॉल टाकतात. हल्ली कोपरही दुखतं. रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आहेत, ताण ५६ पाउंड. आमच्या ग्रुपात तेच जुने बॉल दोन दोन महिने चालतात.

उत्तर : आधी फिजिओकडे जा, बाकीचं नंतर. तारा मऊ घ्या, ताण पाच-सहा पाउंड उतरवा. कोपर बहुतेक बॉल उशिरा, अंगाच्या मागे गाठून वर मनगटाने ओढल्याने दुखतंय. उंच बॉलला एकतर पाऊल आत टाकून वर चढतानाच घ्या, नाहीतर स्लाइस, रॅकेट खांद्याच्या वरून खाली आणि पुढे, डावा हात मागे खेचत. तिथून विनर, म्हणजे समोरच्याला गाठताच येणार नाही असा फटका, मारायचा हट्ट सोडा. आणि ते पावसात भिजून जड झालेले बॉल गल्लीतल्या पोरांना क्रिकेटला देऊन टाका, ती खूश होतील.