छोट्या देशाची फौज: उत्तर लिहिण्याआधी नकाशा काढ

अरे 'छोटे देश लांबच्या लढाईत फौज का पाठवतात' ह्या प्रश्नाचं तुझं उत्तर वाचलं, भाषा झकास आहे पण 'जागतिक शांततेसाठी सैन्य पाठवलं' एवढ्यावर थांबलास तर मार्क जाणार, माझे पहिल्या अटेम्प्टला असेच गेले. आधी बघायचं, ह्यात त्या देशाला काय मिळतंय आणि हे कोणाला दाखवायला चाललंय.

जॉर्जिया घे. लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही, तरी 2008 ला इराकमध्ये त्यांचे 2000 च्या आसपास सैनिक. इराकशी देणंघेणं शून्य, पण रशिया उशाशी बसलाय, नाटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात शिरायचंय, मग अमेरिकेच्या नजरेत भरायला नको? त्याच ऑगस्टमध्ये रशियाशी युद्ध पेटलं तर अमेरिकेने त्यांची माणसं विमानाने घरी पोचवली, पण स्वतः काही लढायला उतरली नाही. हे लिहायचंच, इथेच त्या हिशोबाची मर्यादा दिसते.

दुसरं रवांडा. जुलै 2021, मोझांबिकच्या उत्तरेकडच्या काबो देलगादो प्रांतात त्यांचे 1000 जवान आणि पोलिस, सीमा लागत नाही, मधे आख्खा टांझानिया, आणि तिथे फ्रेंच कंपनीचा गॅस प्रकल्प अतिरेक्यांच्या हल्ल्यांमुळे तेव्हा ठप्प. पुढे युरोपियन युनियनने ह्या मोहिमेला 2 कोटी युरो दिले, आता तूच जोड. फक्त सगळं पैशासाठीच असं ठोकून देऊ नकोस, 1994 चा स्वतःच्या देशातला नरसंहार, आणि तेव्हा जग वेळेत मदतीला आलं नाही हे, रवांडाचे लोक विसरलेले नाहीत.

उद्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेत भेट, आफ्रिकेचा कोरा नकाशा आण, झेरॉक्स चालेल.