विकिपीडियावर पानाचे नाव बदलताना

मराठी विकिपीडियावरील पानांच्या नावांविषयी ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आज घेतो.

आमच्या गावाच्या पानाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. मी शुद्ध नावाचे नवे पान उघडून सगळा मजकूर तिथे चिकटवला, तर तो कोणीतरी उलटवला. माझे काय चुकले? (नेरूळ)

शुद्धलेखन तुमचे बरोबर होते, रीत चुकली. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणी, कधी, काय लिहिले याची सगळी नोंद तिथे राहते. मजकूर उचलून चिकटवला की इतिहास मागेच राहतो आणि नव्या पानावरचे सगळे लेखन तुमच्या एकट्याच्या नावावर दिसते. विकिपीडियाचा मजकूर कोणालाही वापरता येतो, पण लिहिणाऱ्यांना श्रेय देण्याच्या अटीवर, आणि ते श्रेय इतिहासातूनच कळते. दहा वर्षांपूर्वी कोणी रात्री जागून तुमच्या गावाची माहिती जमवली असेल, तर त्याचे श्रेय असे नकळत पुसले जाणे मला फार लागते. म्हणून 'स्थानांतरण' करा. लेख आणि त्याचा इतिहास एकत्र नव्या नावावर जातात, चर्चा पानही, म्हणजे लेखाविषयी संपादकांनी आपसात बोलण्याचे जोडपान, सोबत नेता येते.

मला स्थानांतरणाचा पर्यायच दिसत नाही. (घणसोली)

लॉग-इन केलेले नसेल किंवा खाते अगदी नवे असेल. थोडे दिवस थांबा, तोवर चर्चा पानावर विनंती लिहा. हव्या त्या नावावर आधीच दुसरा लेख असेल, तर मात्र प्रचालकांनाच, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांनाच, सांगावे लागेल.

नाव बदलल्यावर जुने दुवे तुटतात का? (नौपाडा)

नाही. जुन्या नावावर पुनर्निर्देशन राहते आणि वाचक आपोआप नव्या पानावर पोचतो. ते काढून टाकण्याची घाई करू नका. ठाणेकर 'तलावपाळी' म्हणून शोधणार, त्याला 'मासुंदा तलाव' सापडायलाच हवा. शिलाहारांच्या ताम्रपटांतले 'श्रीस्थानक' शोधणाराही ठाण्यापर्यंत यावा. एकाच पानाचे नाव दोनदा बदलले असेल तर जुनी पुनर्निर्देशने तपासा. सॉफ्टवेअर एकच टप्पा पुढे नेते, म्हणून साखळी झाली की वाचक मध्येच अडकतो.

दोन पानांची नावे डोळ्यांना अगदी एकच दिसतात, तरी पाने वेगळी. हे कसे? (ऐरोली)

हा खास आपल्या लिपीचा गुंता आहे. 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. छापील रूप एकच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चेही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र जोडून काम भागवत. जास्त मजकुराचे पान ठेवा, दुसऱ्यातले वेगळे असेल ते श्रेयाची नोंद करून त्यात घ्या, आणि दुसऱ्यावर पुनर्निर्देशन टाका.

आमच्या वाशीच्या पानाला नुसते 'वाशी' हेच नाव का नसावे? (वाशी)

धाराशिव जिल्ह्यातही वाशी आहे, तालुक्याचे ठिकाण. तिथल्या विद्यार्थ्याला 'वाशी' म्हणजे त्याचेच गाव, आणि त्याचा हक्क आपल्याइतकाच. अशा वेळी 'वाशी, नवी मुंबई' असे नाव आणि दोन्ही गावांकडे नेणारे निःसंदिग्धीकरण पान मला योग्य वाटते. तरी आधी चर्चा पानावर प्रस्ताव लिहा आणि आठवडाभर उत्तरांची वाट पाहा.